शीर मोकळी राहावी म्हणून

“ताण आला की सांगायचं, काका,” समीना मॅडम म्हणाल्या.

अण्णा कॉटवर उताणे पडले होते. मॅडमनी एक तळवा त्यांच्या डाव्या टाचेखाली दिला होता, दुसरा गुडघ्यावर ठेवला होता, आणि तो सरळ पाय त्या सावकाश वर उचलत होत्या. अण्णा छताच्या वाशांकडे बघत होते. एखाद्या कंटाळवाण्या भाषणाला पुढच्या रांगेत बसवलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा होता.

“आला?”

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई. उचला की तुम्ही. मी हाय.”

मॅडमनी स्वतःहूनच पाय थांबवला. अंगठ्यानं पोटरी दाबून बघितली, पाय हळूच खाली ठेवला.

“काल मी गेल्यावर तुम्ही स्वतः पाय किती वेळा उचललात?”

“मोजलं न्हाई.”

“मी दहा सांगितले होते.”

“दहा?” अण्णांनी आईकडे बघितलं. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. “आमच्या तालमीत दहा जोर काढून कोण उठला तर त्याला विचारायचे, काय रं, ताप आलाय का?”

आई हसली नाही. मॅडम हसल्या, पण मला बाहेर सोप्यात येण्याची खूण करूनच.

समीना मुजावर मिरजेच्या. ज्या दवाखान्यात अण्णांच्या कमरेचं ऑपरेशन झालं तिथल्याच फिजिओथेरपिस्ट. त्यांचं सासर आमच्या शेजारच्या गावात होतं, त्यामुळे ड्यूटीवरून परत जाताना त्या स्कूटर थांबवून घरी येत.

“पाय रोज थोडा वर जायला हवा,” त्या म्हणाल्या. “तो रोज थोडा कमी जातोय.”

“पण अण्णा तर म्हणतात...”

“ते ‘नाही’ म्हणतात आणि मी त्यांच्या ‘नाही’वर विश्वास ठेवत गेले. तुम्हाला नीट सांगते. मणक्यांमधल्या चकतीचा जो तुकडा पायाच्या शिरेवर दाबत होता तो काढलाय. आता आत जखम भरतेय. जखम भरते तिथं वण धरतो, बाहेर दिसतो तसाच आतही. तो वण शिरेला चिकटला की शीर अडकते. मग पाय उचलला की ओढ, वाकलं की कळ. म्हणून वण कच्चा आहे तोवर शीर रोज जरा सरकवत ठेवायची. चालायचं, पाय उचलायचा. पण ताण लागेल तिथं थांबायचं. पुढं रेटलं तर शीर सुजते, आणि मग चिकटायचा धोका आणखी वाढतो.”

“म्हणजे नाही केलं तरी वाईट आणि जास्त केलं तरी वाईट.”

“हो. आणि कुठं थांबायचं हे दाखवणारं मशीन नाही. ते फक्त त्यांना कळतं.”

“चिकटलीच तर? पुन्हा ऑपरेशन?”

“पुन्हा उघडायचं म्हणजे पुन्हा जखम आणि पुन्हा वण. सर्जन शक्यतो नको म्हणतात.” त्यांनी स्कूटरची चावी हातात घेतली. “वण येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. पण हे सुरुवातीचे आठवडे आपल्या हातात आहेत. त्यांना बोलतं करा.”

मी तेव्हा पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. रजा घेऊन आले होते आणि येताना कमरेवरची मिळतील तेवढी पुस्तकं घेऊन आले होते. मणक्यांची चित्रं मला पाठ झाली होती. अण्णांना बोलतं कसं करायचं हे त्यांत कुठेही नव्हतं.

रंगराव निकम हे नाव एके काळी आमच्या भागातल्या जत्रांच्या पोस्टरवर वरच्या बाजूला असायचं. नंतर त्यांनी साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली आणि गावची तालीम सांभाळली. ऑपरेशनच्या आधी त्यांचं डावं पाऊल चालताना घासू लागलं होतं. भिंतीला धरून संडासला जायची वेळ आल्यावर ते दवाखान्यात यायला तयार झाले. “मला पुन्हा आखाड्याच्या कडंला उभं ऱ्हायचंय,” ते सर्जनना म्हणाले होते. “खुर्चीत बसलेला वस्ताद काय कामाचा?”

मी आत जाऊन कॉटवर बसले.

“अण्णा, ताण येतो ना?”

“न्हाई म्हणलं की.”

“मॅडम म्हणतात येतो.”

“पाय माझा हाय का तिचा?”

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर हिंदुराव मोहिते बघायला आले. ते आईच्या माहेरचे, बोरथळचे, एकाच भावकीतले, म्हणून माझे मामा. आणि अण्णांची जुनी जोड. आमच्याकडे जोड म्हणजे कुस्तीतला बरोबरीचा प्रतिस्पर्धी. ऐन उमेदीत दोघं कितीदा एकमेकांशी लढले होते, आणि शेवटची, मोठी कुस्ती मामांनी मारली होती. बोरथळच्या जत्रेत. त्या कुस्तीत अण्णांचा उजवा गुडघा निखळला. त्यानंतर ते मैदानात उतरले नाहीत.

मामा चिक्कूंची पिशवी आईच्या हातात देऊन कॉटशेजारच्या खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

“काय रंगराव, डॉक्टरनं पाठ लावली म्हणं तुझी.”

“भूल दिऊन लावली,” अण्णा म्हणाले. “शुद्धीत लावून दाखवायची हुती.”

“तारे, ह्याला खायला काय देतीस? तोंड बघ, अजून तसंच तिखट.”

“तुमीच समजवा, दादा,” आई म्हणाली. “आमचं कोण ऐकतंय?” आणि ती चहा ठेवायला गेली.

संध्याकाळच्या व्यायामाची वेळ झाली होती. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी अण्णांच्या टाचेखाली हात घेतला आणि पाय उचलू लागले. मामा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बघत राहिले.

“ताण?” मी विचारलं.

“न्हाई.”

आणखी वर घेतला.

“न्हाई.”

“खाली घे पोरी पाय,” मामा म्हणाले.

अण्णांनी मान वळवली. “तुला रं काय कळतंय?”

“श्वास धरलाय तू.”

“कुणी?”

“तू. कवाचा. तिनं पाय उचलल्या उचलल्या धरलास तो अजून सोडला न्हाईस. चौदा वर्सं तुझ्या छाताडाला छाताड लावलंय, रंगराव. तुला दुखलं की तुझा भाता बंद पडतो.”

“ह्ये मैदान न्हाई, हिंदुराव.”

“त्येच तर म्हणतोय मी.”

अण्णांचे कान लाल झाले. “कुमुद, उचल पुन्हा. बघू दे त्याला.”

मी मामांकडे बघितलं. मग थोडासाच उचलला. अण्णा आता मोठमोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेत होते. आत, बाहेर. आत, बाहेर. मामांनी कपाळाला हात लावला.

“बघ. तेवढं बी दुरुस्त केलं बेट्यानं.”

चहा पिऊन मामा उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ड्रायव्हर पानाच्या टपरीवर गेला होता. मामा गाडीला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ आमच्या घराच्या दाराकडे बघत राहिले.

“मामा, ते सांगत का नाहीत?”

“कुस्तीत आपलं दुखणं झाकायचं आन जोडीचं हुडकायचं. पहिला धडाच त्यो.”

“ते तरुणपणी. आता घरात कुणापासून झाकायचं?”

त्यांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

“आमच्या शेवटच्या कुस्तीआधी सरावात तुझ्या बापाचा उजवा गुडघा दुखावला हुता. ह्ये कुणालाच म्हायती नव्हतं. वस्तादांना बी न्हाई. कळलं असतं तर त्यांनी कुस्ती मोडली असती. मला बी ते हुडकाय लागलं न्हाई. मला माझ्या बहिणीनं सांगितलं, बायजाक्कानं.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“तारीनं.”

मला आधी समजलंच नाही. तारी म्हणजे आई.

“नवी नवरी. जत्रेला माह्यारी आलेली. नदीवर धुणं धुताना मैत्रिणीजवळ बोलली, की रोज रातीला ह्यांच्या गुडघ्याला शेक देती मी, जत्रंत कसं हुयाचं गं. काळजीनं बोलली. बायजाक्का घरी आली, मला म्हणाली. मी सलामी झाल्या झाल्या त्याचा उजवा पट काढला. पाय धरला आन पिळला. डाव हाय त्यो, चूक न्हाई काय त्यात. पण मी दुसरा बी टाकू शकत हुतो.”

त्यांनी ड्रायव्हर येतोय का बघितलं.

“खाली पडल्यावर रंगरावनं पायाकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं. त्याला तिथंच कळलं. एकाच माणसाला सांगितलं हुतं त्यानं.”

“आणि आई?”

“तिला कोण सांगणार? मी न्हाई सांगितलं, बायजाक्कानं न्हाई. तुझा बाप तर तोंडच उघडत न्हाई.” ड्रायव्हर येताना दिसला तसे ते सरळ झाले. “तुला का सांगितलं म्हणशील. आत त्यो ‘न्हाई, न्हाई’ म्हणत हुता ना, मला बघवंना.”

हे इतकी वर्षं मी कुणाजवळ बोललेले नाही. आज हिंदुराव मामा नाहीत. आई त्यांच्यानंतर गेली, आणि अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. ज्यांच्यापासून झाकायचं होतं त्यांच्यातलं कुणी राहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी घरात आले तर आई उंबऱ्यातच उभी होती.

“दादा एवढा वेळ काय बोलत हुते गं?”

“उसाचं. यंदा तोड लांबली म्हणत होते.”

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कपबश्या गोळा करायला वळली.

सकाळी आई दळण घेऊन गिरणीत गेली. अण्णा अंगणात काठी टेकत फेऱ्या मारून आले, मी त्यांना कॉटवर निजायला मदत केली आणि पायाकडे न जाता उशाशी बसले.

“काल मामांनी मला गुडघ्याचं सांगितलं.”

“सगळ्या गावाला म्हायती हाय ते.”

“नदीवरचं सांगितलं.”

अण्णांनी कमरेच्या पट्ट्याची चिकटपट्टी सोडली, पुन्हा लावली. पुन्हा सोडली.

“तारीला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नगंस. तिनं काय वंगाळ केलं न्हाई. काळजी वाटली म्हणून बोलली. पोरवय हुतं.”

“तुम्ही तिला कधीच विचारलं नाहीत?”

“काय विचारायचं? रोज माझा गुडघा बघून रडत बसली असती. असं घर चालतं व्हय?”

“म्हणून दुखलेलं सांगणंच बंद केलंत.”

“ठरवून काय केलं न्हाई,” ते म्हणाले. “मग सवय झाली. आता सांगायचं म्हणलं तरी तोंडाला येत न्हाई.”

गिरणीचा आवाज लांबून येत होता. आई परतायला वेळ होता, पण फार नाही.

“अण्णा, काल आईनं मला विचारलं, दादा काय बोलत होते म्हणून. मी सांगितलं, उसाचं.”

“उसाचं?” त्यांच्या गालाची एक बाजू हलली. “बरं सुचलं.”

“म्हणजे मला तोंड बंद ठेवता येतं. या पायाचं जे काही असेल ते आईच्या कानावर जाणार नाही. पण मला सांगायचं. जिथं लागेल तिथं, लागल्या लागल्या. मी काही तुमची जोड नाही. मला तुमचा पट काढायचा नाही.”

मी तशीच बसून राहिले. उठायचं नाही असं मी ठरवलं होतं. आई आली असती तर उद्या पुन्हा गिरणीची वेळ साधली असती, परवा पुन्हा.

“त्या मॅडमला सांगणार?” शेवटी त्यांनी विचारलं.

“त्यांना सांगावंच लागेल.”

“मिरजेची हाय न्हवं ती? बोरथळला तिचं कोण नात्यागोत्याचं?”

“कुणी नाही.”

“मग चालंल.”

मी पायाशी गेले. टाचेखाली हात घेतला आणि उचलायला लागले. टाच गादीवरून जेमतेम सुटली होती.

“हितं,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं ते उशीचं काहीतरी सांगतायत.

“हितं म्हणजे?”

“ताण. हितं.”

“इतक्यात?”

“कमरंपासनं टाचंपर्यंत तापलेली तार वढल्यागत. काल बी हितनंच सुरू झालं हुतं. परवा बी.”

काल मी तो पाय माझ्या छातीपर्यंत नेला होता. मी तो खाली ठेवला. दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल नुसतं धरून ठेवलं.

“घे की पुन्हा,” ते म्हणाले. “हितपर्यंतच घे.”

समीना मॅडमनी ऐकून सगळाच व्यायाम मागे नेला. आधी काही दिवस नुसतं घोटा हलवणं, थोडं चालणं, थोडी विश्रांती, पुन्हा थोडं चालणं. मग पाय, पण गादीपासून तळव्याच्या जाडीइतकाच. थांबणं अण्णांना जोर काढण्यापेक्षा अवघड गेलं. “झालं? एवढंच?” असं ते चिडून विचारत. एकदा मी आत आले तर ते गुपचूप पाय उचलत होते. मला बघून त्यांनी तो खाली ठेवला आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत म्हणाले, “सांगतो, सांगतो. दुखला.” पुढे तसं पुन्हा झालं नाही. रोज सकाळी, आई गिरणीत नाहीतर देवळात गेली की आम्ही दार लोटून घ्यायचो, मी पाय उचलायची आणि ते म्हणायचे, हितं. ते ‘हितं’ कधी कालच्यापेक्षा खाली यायचं. पण आठवड्याचा हिशेब धरला तर ते वर सरकत होतं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात आईजवळ बसले होते. आई भाकरी थापत होती.

“तुला सांगत्यात न्हवं?” तिनं एकदम विचारलं.

“काय?”

“कुठं दुखतंय ते.”

मी शब्द दिला होता. “विशेष काही नाही, आई. चाललंय.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“मी इचारत न्हाई. मला सांगू बी नगंस. तुला सांगत्यात, तेवढं बास.” तिनं भाकरी उलटली. “मला एकदा सांगितलं हुतं.”

मी तिच्याकडे बघत राहिले. ती जाळ मागे ओढत होती.

“बायजाक्कानं तिच्या शेवटच्या दुखण्यात मला बोलावून घेतलं हुतं. तवा सांगितलं तिनं समदं.” आईनं हाताचं पीठ परातीत झटकलं. “मला कळलंय, ह्ये ह्यांना बोलू नगंस. इतकी वर्सं जपलंय त्यांनी.”

मी बोलले नाही. आईचं अण्णांना नाही आणि अण्णांचं आईला नाही. माझी रजा संपत आली होती, आणि त्या घरात ज्याच्या त्याच्या वाटणीचं गप्प राहणं मी जमेल तसं राखत होते.

मी पुण्याला परतायच्या आधी समीना मॅडम शेवटचं सविस्तर तपासायला आल्या. तो रविवार होता, गिरणी बंद होती. आई भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी आधी अण्णांना अंगणात चालायला लावलं. पाऊल घासत नव्हतं. मग कॉटवर निजवलं आणि टाचेखाली हात घेतला.

“सांगायचं, काका.”

पाय वर जाऊ लागला. रोज आम्ही थांबायचो त्या जागेच्या पुढे गेला, तरी अण्णांचा श्वास शांत होता. आणखी वर गेला. मग त्यांच्या भुवया किंचित जवळ आल्या. मी पाहिलं. मॅडमनीही पाहिलं आणि पाय तिथेच धरला.

“काका?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे.

“मी जरा दुधाचं बघती,” आई म्हणाली आणि दाराकडे वळली.

“तारे,” अण्णा म्हणाले. “थांब की.”

आई थांबली, पण वळली नाही.

“हितं,” अण्णा मॅडमना म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं. “गुडघ्याच्या मागं, पोटरीच्या वरच्या अंगाला. कळ न्हाई. नुसती ओढ हाय.”

“छान,” मॅडम म्हणाल्या. “शीर मोकळी सरकतेय. असंच ठेवायचं, ओढीच्या पुढं जायचं नाही.” त्यांनी पाय हळूहळू खाली आणला.

आई कॉटजवळ आली. मॅडमनी सोडलेल्या पायाकडे तिनं बघितलं, हात लावला नाही.

“लई दुखतंय?” तिनं विचारलं.

अण्णांनी पाय थोडा हलवून बघितला, चूक बोललं जाऊ नये म्हणून माणूस खात्री करून घेतो तसा.

“थोडं,” ते म्हणाले. “थोडं दुखतंय.”